असहमतीची वही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वडिलांचं नाव घ्यायला हवं, आणि चारचौघांत तेच घेतो. पण मनात आधी येतात ते लंडनमधल्या हाउन्सलोचे जजकाका. ते जज नव्हते. वकीलही नव्हते. विमानतळावर त्यांनी उभा जन्म बॅगा चढवल्या आणि उतरवल्या, आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा रिटायर झाले. मी त्यांच्या घरी वरच्या लहान खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिलो. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. मला ते कधी तोंडात बसलंच नाही.

जजकाकांना अमेरिकेच्या राज्यघटनेचं वेड होतं. अमेरिकेला ते कधीही गेले नव्हते. "तिकडच्या विमानांत इतक्या बॅगा भरल्या, पण एकीच्याही मागून गेलो नाही," असं म्हणायचे. स्वयंपाकघरात मसाल्यांच्या फळीखाली सुप्रीम कोर्टाच्या इमारतीचं चित्र चिकटवलेलं होतं. त्यावर हळदीचा एक डाग होता. फ्रिजवर सत्तावीस घटनादुरुस्त्यांची यादी, त्यांच्या अक्षरात, मराठीत.

पहिल्या आठवड्यात मी एकदा धीर करून विचारलं, "काका, आपण राहतो इंग्लंडमध्ये. मग इथली घटना का नाही वाचत?"

"इथल्या लोकांनी ती लिहूनच ठेवलेली नाही," ते म्हणाले. "न लिहिलेलं वाचू कसं?"

सकाळी बाथरूममध्ये त्यांची दाढी चालू असायची आणि मी बाहेर ब्रश घेऊन उभा असायचो. आतून प्रश्न यायचा, "कायद्याचं राज्य म्हणजे काय?" मी म्हणायचो, "कायद्यापेक्षा कुणी मोठा नाही." मगच कडी निघायची. हे प्रश्न एका निळ्या पुस्तिकेतले होते. अमेरिकेचं नागरिकत्व घेणाऱ्यांची तोंडी परीक्षा असते, तिच्या तयारीचे शंभर प्रश्न. पुस्तिकेत त्रेसष्टपर्यंतच्या प्रश्नांपुढे शाईच्या खुणा होत्या आणि पुढे पेन्सिलीच्या. पेन मध्येच संपलं असेल, असं मी समजलो.

मी मेहकरच्या नगरपरिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्याकडे नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची शेवटची काही पानं. मार्च उजाडला की सर सांगायचे, "तेवढं घरी वाचा." घरी वाचणारं कुणी नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर मी. मास्टर्स करायला लंडनला आलो तेव्हा मला दोन गोष्टी उत्तम येत होत्या, पाठांतर आणि होकार देणं. शनिवार-रविवार विमानतळाजवळच्या गोडाउनमध्ये खोकी उचलायचो. तिथल्या सुपरवायझरने चूक स्वतः करून माझ्यावर ढकलली तरी मी "सॉरी" म्हणायचो.

घरात आम्ही तिघं. काका, मी आणि समोरच्या खोलीत सुनंदाताई. त्या मूळच्या मिरजेच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स, माझ्याआधी सहा वर्षं त्या घरात राहिलेल्या. काकू वारल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी त्यांची खुर्ची मात्र तशीच असायची. तिच्यावर कुणी बसायचं नाही.

या टेबलावर रविवारी सकाळी पोह्यांनंतर कोर्ट भरायचं. घरात कसलाही वाद झाला, तर तो आठवड्यात तोंडाने भांडायचा नाही, रविवारी मांडायचा. मत द्यायचं, मोजायचं, आणि निर्णय एका जाड बाइंडिंगच्या वहीत लिहायचा. इथवर कुठल्याही घरात चालेल. काकांचा खरा नियम पुढे होता. जो हरेल, त्याने आपलं मत निर्णयाखाली लिहायचं. आणि जो जिंकेल, त्याने ते हरलेलं मत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. ते होईपर्यंत निर्णय लागू नाही. वहीच्या कव्हरवर लिहिलेलं होतं, 'असहमतीची वही'.

माझा पहिला खटला थर्मोस्टॅटचा. जानेवारी महिना होता. काका हीटिंग सतरा अंशांच्या वर जाऊ देत नसत आणि मी चोरून ते वीसवर नेलं होतं. दोन विरुद्ध एक, मी हरलो. वही माझ्यापुढे आली. मी लिहिलं, 'काका म्हणतात ते योग्य आहे. माझी चूक झाली.'

काकांनी चष्मा वर केला. "अरे, ही असहमती नाही. हा नमस्कार आहे. परत लिही."

मी लिहिलं, 'काका मोठे आहेत, तरी थोडा विचार व्हावा.'

"हा अर्ज आहे. परत."

सुनंदाताई हसून म्हणाल्या, "लिही रे बाबा लवकर, माझी ड्यूटी आहे. बस चुकेल."

पाचव्या खेपेला मी घाबरत लिहिलं, 'मला थंडी वाजते. रात्री झोप लागत नाही.'

काकांनी ते उभं राहून वाचलं, खणखणीत, एखाद्या मोठ्या कोर्टात वाचावं तसं. मग म्हणाले, "तू या घरात आल्यापासून लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच खटला पुन्हा उघडला आणि वहीत लिहिलं, 'आधीचा निर्णय चुकीचा होता. एकोणीस.'

त्या दिवशी त्यांनी मला रेल्वेच्या डब्याचा खटला सांगितला. अमेरिकेतल्या मोठ्या खटल्यांना त्यांनी स्वतःची मराठी नावं ठेवली होती. शाळेत दंडाला काळी पट्टी बांधून आलेल्या मुलांचा तो 'पट्टीचा खटला'. झेंड्याला सलाम न करणाऱ्या मुलांचा तो 'सलामाचा खटला'. रेल्वेच्या डब्याच्या खटल्यात कोर्ट म्हणालं होतं, काळ्यांना वेगळा डबा दिला तरी डबे सारखे असले की झालं. एकच न्यायाधीश असहमत होता. तो हरला. पण त्याने आपलं मत लिहून ठेवलं. जवळजवळ साठ वर्षांनी, काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांच्या खटल्यात, कोर्टाने जे मान्य केलं, ते त्याने तेव्हाच लिहिलेलं होतं.

"साठ वर्षं तो कागद वाट बघत होता," काका म्हणाले. "हरलेलं लिहून ठेवायचं ते एवढ्यासाठी. उद्या शहाणा माणूस आला तर त्याला सापडलं पाहिजे."

दुसऱ्या सहामाहीत माझ्यावर खरीच वेळ आली. माझा एक निबंध दुसऱ्याच्या निबंधाशी जुळतो, मी नक्कल केली, असं पत्र कॉलेजातून आलं. सुनावणीची तारीख होती. मी नक्कल केली नव्हती. माझ्याच वर्गातल्या एकाला मी माझी टिपणं दिली होती आणि त्याने ती जशीच्या तशी उतरवली होती. पण मी ठरवलं होतं की गुन्हा कबूल करायचा, माफी मागायची आणि सुटायचं. आमच्याकडे हेडमास्तरांपुढे असंच करतात.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग ड्रॉवरमधून एक पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली आणि पेन्सिलीचा खटला सांगितला. फ्लोरिडातला एक गरीब कैदी. चोरीचा आरोप, वकिलाला पैसे नाहीत, कोर्ट वकील देईना. त्याने तुरुंगातल्या कागदावर पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. कोर्टाने तो वाचला, आणि गरीबालाही वकील मिळाला पाहिजे असं ठरवलं. वकील मिळाल्यावर तो कैदी निर्दोष सुटला.

"पेन्सिल चालते," काका म्हणाले. "इंग्लिश तुटकं असलं तरी चालतं. लिही, काय झालं ते, पहिल्यापासून."

"पण काका, ती अमेरिका. इथे तो कायदा..."

"कायदा तिकडचा. ऐकून घेणं सगळीकडचं."

मी लिहिलं. सुनावणीला सोबत एक माणूस आणता येतो, हे पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं आणि ते त्यांनीच शोधलं. ते लग्नातला जुना सूट घालून माझ्याशेजारी बसले. चाळीस मिनिटांत एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोललो. जन्मात पहिल्यांदा खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसांना मी म्हणालो की हे खरं नाही. त्यांनी माझी टिपणं तपासली, तारखा पाहिल्या आणि आरोप मागे घेतला. माझी पदवी त्या पेन्सिलीतून आलेली आहे, हे मी आजही विसरत नाही.

एक खटला मात्र काका सांगायचे नाहीत. त्यांच्या यादीत तो होता, 'लग्नाचा खटला'. मी विचारलं की म्हणायचे, "तो नंतर." आणि उठून भांडी घासायला लागायचे.

त्याचं कारण मला सुनंदाताईंनी सांगितलं, बागेत कपडे वाळत घालताना. काकांना एक मुलगी होती, निशा. हाउन्सलोत जन्मलेली, इथेच शिकलेली. नोकरीसाठी शिकागोला गेली आणि तिथल्या एका कृष्णवर्णीय माणसाशी लग्न ठरवलं. काकांनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला आणि फोन ठेवला. तिचं पुढे काही ऐकलंच नाही. काकू चोरून बोलत राहिल्या. काकू गेल्या तेव्हा निशा नवऱ्याला घेऊन आली.

"दोन दिवस ती या घरात होती," सुनंदाताई म्हणाल्या. "आणि तो माणूस बाहेर गेटपाशी उभा. पाऊस पडत होता. त्याला आत या असं कुणी म्हटलं नाही. मीपण नाही म्हटलं. माझं घर नव्हतं, असं मी स्वतःला सांगते."

जाताना निशाची निळी पुस्तिका तिच्या खोलीत राहिली. ती तेव्हा परीक्षेची तयारी करत होती. त्रेसष्टपर्यंतच्या खुणा तिच्या होत्या.

"पुढच्या काकांच्या," सुनंदाताई म्हणाल्या. "तिचा राहिलेला अभ्यास पुरा करत बसलेत. वहीसुद्धा त्यानंतरची."

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी काका बारीक व्हायला लागले. तपासण्या झाल्या. पोटाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. डॉक्टरांनी महिन्यांची नाही, आठवड्यांची भाषा वापरली. मला त्याच सुमारास कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी लागली होती. निघण्याआधीच्या रविवारी काकांनी कोर्ट भरवलं.

पोहे सुनंदाताईंनी केले. काकांनी खाल्ले नाहीत. ते नेहमीच्या खुर्चीत न बसता टेबलाच्या पलीकडे उभे राहिले, जिथे पक्षकार उभा राहायचा.

"आज मी न्यायाधीश नाही," ते म्हणाले. "स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश नसतो. प्रश्न असा आहे. निशाला कळवायचं की नाही? माझं म्हणणं, नाही. तिला मी इतकी वर्षं काही दिलं नाही, आता आजारपण कशाला देऊ? आणि मला गप्प बसण्याचा हक्क आहे. पाचवी दुरुस्ती."

"ती पोलिसांपुढे, काका," सुनंदाताई म्हणाल्या. "मुलीपुढे नाही."

"मुद्दा नोंदवला. मत द्या. तुम्ही दोघंच. बरोबरी झाली तर खालच्या कोर्टाचा निर्णय कायम राहतो. खालचं कोर्ट म्हणजे मी."

सुनंदाताईंनी लगेच सांगितलं, "कळवायचं."

मग काका माझ्याकडे बघत राहिले. मला ती नजर आजही दिसते. त्यांचा शर्ट अंगावर लोंबत होता आणि एका हाताने त्यांनी काकूंच्या खुर्चीची पाठ धरली होती. मला ठाऊक होतं, कळवायला हवं. पण या माणसाने माझ्यासाठी सूट घातला होता. त्याच्या तोंडावर, त्याच्या अशा अवस्थेत, त्याच्या विरुद्ध मत कसं देऊ? मी मान खाली घालून म्हणालो, "काका म्हणतात तसं."

काकांचा चेहरा उतरला. ते दमले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

सुनंदाताईंनी वही ओढली आणि लिहिलं. नियमाप्रमाणे ते काकांनी वाचायचं होतं. त्यांनी उभ्यानेच सुरुवात केली, "'काकू गेल्याचं आपण निशाला कळवलं, तेव्हा ती आली. काका गेल्याचंही कळवू, तेव्हाही ती येईल. मला वाटतं, या वेळी काका असल्याचं कळवावं.'" 'असल्याचं' या शब्दापाशी ते थांबले. ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि वही मिटली.

जिन्यात मी सुनंदाताईंना म्हणालो, "तुम्हीच फोन करा ना तिला."

"ते त्यांचं आहे, माझ्या तोंडून जाणार नाही," त्या म्हणाल्या. मग एक पायरी खाली उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "ज्याला खरंच गप्प बसायचं असतं, तो कोर्टात कशाला येईल रे? तुला एवढं पण कळलं नाही? ते हरायला आले होते."

मी कार्डिफला गेलो. नवी खोली, नवं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र. रोज संध्याकाळी मी काकांना फोन करायचो. ते नोकरीची चौकशी करायचे आणि मी निशाचा विषय काढायचो नाही. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी तिथल्या लायब्ररीत मी लग्नाचा खटला शोधून वाचला, आणि परत येऊन पत्र लिहायला बसलो.

पुढचं सुनंदाताईंनी मला सांगितलं. पत्र गुरुवारी पोचलं. काकांनी ते तीनदा वाचलं. मग वही मागवली आणि त्या रविवारच्या निर्णयाखाली लिहिलं, 'चुकीचा होता.' आणि फोन मागितला.

निशा आणि तिचा नवरा मार्कस रविवारी सकाळी पोचले. काका शनिवारी दुपारी गेले होते.

मी कार्डिफहून निघून आलो होतो. दार मीच उघडलं. मार्कस दोन्ही बॅगा हातात धरून पायरीखाली थांबला, गेटाकडे थोडा मागे सरकून. मी त्याला म्हणालो, आत या. तो आत आला. चपलांच्या रॅकपाशी त्याने बूट काढले आणि स्वयंपाकघराच्या दारातून ते सुप्रीम कोर्टाचं चित्र बघत बराच वेळ उभा राहिला. ज्यांनी त्याला आत या म्हणायचं होतं, ते घरात नव्हते.

निशाशी मी टेबलाशी बसून बोललो. ती काकूंच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत कुणी बसत नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नाही.

"बाबांनी मला सॉरी नाही म्हटलं," ती तिच्या मराठीत म्हणाली. "त्यांनी फर्स्ट थिंग काय विचारला, माहितीये? म्हणाले, तुझी अभ्यास त्रेसष्टला थांबली होती, पुढची झाली का? मी म्हटलं, बाबा, आय पास्ड. चार वर्षं झाले. मग म्हणाले, मार्कसला घेऊन ये. दारातून आत आण." तिने डोळे पुसले. "त्यांनी त्याचा नाव घेतला. ओन्ली वन्स. पण घेतला."

एकोणीस दिवसांपैकी दोन दिवस जरी मी आधी बोललो असतो. हा हिशेब मी कुणापुढे मांडत नाही. निशाने मला कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळे तो हलकाही झालेला नाही.

वही आता शिकागोला आहे. माझं पत्र तिच्यातच चिकटवलेलं होतं. निशाने त्याचा फोटो मला पाठवला, तो पाहून इथे उतरवून देतो.

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी मी दिलेलं मत चुकीचं होतं. ते मत नव्हतंच. तो नमस्कार होता. तुम्ही मला परत लिहायला सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी तुम्ही पक्षकार होता, म्हणून सांगता आलं नसेल. म्हणून मी आपणहून परत लिहितो.

मला भीती वाटते. तुम्ही जाल आणि निशाताईंना ते मी फोनवर सांगावं लागेल, याची. त्या विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं? मला खरं सांगावं लागेल.

मी लग्नाचा खटला वाचला. तुम्ही सांगितला नाहीत, म्हणून लायब्ररीत शोधला. नवरा गोरा, बायको काळी, आणि त्यांनी लग्न केलं म्हणून पोलीस त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. वाचून झाल्यावर मी तुमच्या सवयीप्रमाणे शेवटची पानं उलटली. असहमती शोधत होतो. मिळाली नाही. नऊच्या नऊ न्यायाधीश एका बाजूला होते. तुम्ही हा खटला का सांगत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. तुम्हालाही ती मिळाली नसणार.

काका, आपल्या वहीतही आता असहमत कुणी उरलं नाही. सुनंदाताई पहिल्यापासून म्हणत होत्या. मी आज मत बदललं. आणि तुमचं मत काय आहे, ते तुम्ही खटला आणलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणजे निर्णय एकमताने झाला आहे. तुम्ही तो फक्त वाचून दाखवायचा आहे. त्यांना, फोनवर.

पेन्सिलीने लिहिलं आहे. तुम्हीच म्हणाला होतात, चालते.

आपला,
वरच्या खोलीतला

ता. क. आपल्याकडे पोस्ट दुपारी एकच्या सुमारास येतं. तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते. त्या उठलेल्या असतील.